एकशे नववं रामायण

आषाढात बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात पाऊस पडतो म्हणण्यापेक्षा त्याची चाहूल पडते. सह्याद्रीच्या कड्यांवर सगळं रितं करून आलेले ढग इथवर पोचतात, तेव्हा त्यांच्यात नुसती सावली उरलेली असते. ती सावली नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावरून, उसाच्या फडांवरून, नांगरून ठेवलेल्या काळ्या रानावरून सरकत जाते आणि तिच्या मागोमाग हवेत माती, ओली घोंगडी आणि तुळस यांचा मिसळलेला वास येतो. तुकोबांची पालखी याच दिवसांत इथून जाते. कऱ्हेकाठची बारामती मागे पडली की काटेवाडी, जिथे परीट समाजाची माणसं धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात. मग सणसर, मग घोड्याच्या टापांनी बेलवाडीचं रिंगण, मग निमगाव केतकी, इंदापूर आणि शेवटी सराटी, जिथे पादुकांना नीरेचं स्नान घडतं आणि पुणे जिल्हा मागे राहतो. टाळांचा आवाज आधी कानांना कळत नाही, तळपायांना कळतो. मग तो पोटऱ्यांतून वर चढतो, छातीत येतो, घशाशी येतो, आणि एका क्षणी आपण आणि तो आवाज यांत फरक करता येत नाही. तेवढ्यात शेवटची दिंडी वळणाआड जाते.

रस्ता मोकळा होतो.

आणि मग दिसते ती दारात उभी राहिलेली बाई. डोक्यावर पदर, हात जोडलेले, कडेवर नातवंड. मागे गोठ्यात व्यालेली म्हैस, चुलीवर आधण, आणि घरात दुखण्याने अंथरूण धरलेलं कुणीतरी. तिला जायचं होतं आणि ती गेली नाही. वारीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, ते बहुतेक चालणाऱ्यांबद्दल. मला ओढ आहे ती या मागे राहिलेल्या बाईची, कारण तीही चालत होती. पंढरीची वाट तिने हाताने कापली. पहाटे तीन-चारच्या अंधारात, उजव्या हाताने खुंटा धरून, वाटोळ्या दगडाभोवती, रोज. एका जागी बसून केलेल्या त्या प्रदक्षिणा कुणी एकापुढे एक मांडल्या असत्या, तर एकेका बाईच्या आयुष्यात पंढरपूर किती वेळा येऊन गेलं असतं! आणि या चालण्याला पावलांच्या जागी ओव्या होत्या. मूठभर दाणे, एक फेरा, एक ओळ.

हे चालणं फारसं कुणाला दिसलं नाही. घरातले पुरुष झोपेत असत, गावातले शहाणे पोथीत असत. एका फ्रेंच माणसाने मात्र ते ऐकलं.

गी पॉइतवाँ त्यांचं नाव. 1934 मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेले, तिथलं तत्त्वज्ञान शिकलेले हे गृहस्थ सत्तरच्या दशकात पुण्यात राहायला आले. त्या दशकाच्या दाराशीच बहात्तरचा दुष्काळ उभा होता; बारामती-इंदापूरच्या जिराईत गावांनी तेव्हा खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेली तांबडी मिलो दळली. पॉइतवाँ आले आणि राहिले. मराठी शिकले, पुढे भारताचे नागरिक झाले. हेमा राईरकर या पुण्यातल्या अभ्यासक त्यांच्या आयुष्याच्या आणि कामाच्या सोबती. दोघांनी 1980 मध्ये सामाजिक संशोधनाचं एक छोटंसं सहकारी केंद्र पुण्यात उभं केलं आणि मुळशीच्या डोंगरातल्या गरीब बायाबापड्यांच्या संघटनेत काम करता करता त्यांना जात्यावरच्या ओव्या सापडल्या. सापडल्या हा शब्दही तोकडा आहे. त्या तिथे शेकडो वर्षं होत्याच. या दोघांनी त्यांच्यासमोर मांडी घातली.

पूर्वेकडे आलेल्या फ्रेंच मनांची एक मोठी रांग आहे. अलेक्झांड्रा डेव्हिड-नील वेश पालटून बर्फ तुडवत 1924 मध्ये ल्हासाला पोचल्या. त्याच सुमारास रोमाँ रोलाँ यांनी आपल्या खोलीत बसून गांधीजींवर पुस्तक लिहिलं, आणि काही वर्षांनी रामकृष्ण आणि विवेकानंदांची चरित्रं. कुणी हिमालयात गेलं, कुणी अरुणाचलाच्या पायथ्याशी, कुणी पुदुचेरीच्या समुद्रकाठी. त्यांना इथे मौन हवं होतं, गुरू हवा होता, युरोपातल्या दोन महायुद्धांनी हिरावून घेतलेला एखादा अर्थ हवा होता. त्यांची तहान खरी होती. पण त्या सगळ्या वाटा वर जात होत्या, शिखराकडे, मठाकडे, समाधीकडे.

पॉइतवाँ यांची वाट खाली आली. ओसरी ओलांडून, माजघरातून, चुलीच्या धगीशेजारच्या शेणाने सारवलेल्या त्या कोपऱ्यात, जिथे जातं रोवलेलं असतं.

त्यांच्याआधी गी याच नावाचा आणखी एक फ्रेंच माणूस पुण्यात आला होता. गी डेलरी वारी चालले. 1956 मध्ये त्यांनी केलेले तुकोबांच्या अभंगांचे फ्रेंच अनुवाद पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले आणि 1960 मध्ये डेक्कन कॉलेजने विठोबाच्या संप्रदायावरचा त्यांचा ग्रंथ काढला. मला हे दोन गी एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना उभे दिसतात. एक दिंडीत, पालखीसोबत, जिथे शब्द मोठ्याने गायले जातात आणि गाणाऱ्याचं नाव शेवटच्या चरणात येतं. दुसरा दाराच्या आत, जिथे शब्द दगडाला सांगितले जातात आणि सांगणारीचं नाव कुठेच येत नाही. रस्ता दोघांना मिळून पुरा होतो.

माझ्या आजीचं जातं आमच्या घरात अजून आहे. लग्नाआधी हळद दळायला त्याला हळदीकुंकू लागतं, सुपारी बांधली जाते, पाच सुवासिनींचे हात लागतात, आणि मग ते पुन्हा कोपऱ्यात जातं. पण मला आठवतं ते कामातलं जातं. आजी दळायला बसली की मी तिच्या मांडीवर डोकं टाकून अर्धवट झोपेत पडून राहायचे. बाहेर अंधार, आत चिमणीचा पिवळा थेंबभर उजेड, आणि त्या उजेडात हळूहळू फुलत जाणारं जोंधळ्याच्या पिठाचं पांढरं कडं. दगडाची घरघर कानांपेक्षा कवटीच्या हाडाला आधी जाणवे. तिच्या मांडीतून, पोटातून, बरगड्यांतून येणारा आवाज माझ्या आत शिरे, आणि त्या आवाजावर तरंगत तिची ओवी येई. नवं पीठ कोमट असतं. त्याला वास असतो, भाजलेल्या मातीचा आणि दुधाचा एकत्र. आजही कुठे जोंधळ्याची भाकरी थापली जात असली की ती कोमट पहाट माझ्या गालाला लागते. दिवसाउजेडी आजी मोजकं बोलायची. सासरच्यांविषयी नाही, आजोबांविषयी नाही, लहानपणी गेलेल्या लेकराविषयी तर नाहीच. पहाटे मात्र ती सगळं सांगायची. दगडाला.

दगडच तिला विचार करू देत होता, हे मला फार उशिरा उमगलं, आणि ते उमगायला मला फ्रान्समधल्या एका कारखान्यातून फिरून यावं लागलं. पॉइतवाँ जन्मले त्याच 1934 सालच्या डिसेंबरात, तत्त्वज्ञान शिकवणारी सिमोन वेल नावाची तरुणी पॅरिसमध्ये कारखान्यात कामाला लागली. मजुराचं जिणं तिला आपल्या अंगावर घ्यायचं होतं. पुढे ती संस्कृत शिकली, गीतेत बुडाली, आणि 1943 मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेली. कारखान्याने तिला जे शिकवलं ते भयंकर होतं. यंत्राच्या वेगाखाली माणसाला विचारच करता येत नाही. तिथे जगायचं तर विचार करणं थांबवावं लागतं. कष्टात थोडीतरी कविता असावी अशी तिची तळमळ होती. मी तिच्याविषयी वाचते तेव्हा मला वाटतं, हिला कुणीतरी एका पहाटे निमगाव केतकीला आणायला हवं होतं. ती यायला हवी होती, आणि एखाद्या म्हातारीने सरकून तिला जात्याच्या समोरच्या बाजूला जागा द्यायला हवी होती. जात्याचा वेग बाईच्या श्वासाचा असतो. तो तीच ठरवते. दमली की फेरा लांबतो, ओवी लांबते. आठवण दाटली की दाणे घालायचे हात थांबतात. कष्ट तेच, पाठ तशीच मोडणारी. पण तिथे शरीर एका लयीत गुंतलेलं असतं आणि मन सुटं असतं.

सुटं मन विचार करतं. आणि चालीत केलेला विचार टिकतो.

युरोपच्या तत्त्वज्ञानाची एक फार जुनी गोष्ट आहे. 1619 च्या हिवाळ्यात देकार्त नावाचा तरुण शेगडीने ऊबदार केलेल्या एका खोलीत एकटाच बसला आणि सगळ्या जगावर संशय घेत घेत स्वतःच्या विचारापर्यंत येऊन थांबला. तिथून पुढे तिकडचा ‘मी’ बहुतेक एकटाच राहिला, दार लावून. ही परंपरा प्यायलेला माणूस सह्याद्रीच्या कुशीतल्या एका झोपडीत येतो आणि पाहतो, की इथे विचार करायला दोघी बसल्या आहेत. समोरासमोर, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एक पहिली ओळ टाकते, दुसरी ती पुरी करते. सासू आणि सून, जावा-जावा, शेजारणी. दिवसभर ज्यांचं पटत नाही त्यांचीही ओवी पटते. इथला ‘मी’ एकटा नाही. तो दुसरीच्या गळ्यातून पुढे जातो. पॉइतवाँ आणि हेमाताईंनी वीसेक वर्षं जे केलं तेही मला तसंच दिसतं, एकाच खुंट्यावर दोघांचे हात.

आणि केवढं दळण! एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावांतून. मुळशी-मावळच्या डोंगरापासून पार मराठवाड्यापर्यंत. गावागावांतल्या साध्या, कामकरी बाया-माणसांनीच त्या गोळा केल्या. ऐकल्या तशा, त्या त्या बोलीत उतरून घेतल्या. 1996 पासून बर्नार बेल हे संगीताचे फ्रेंच अभ्यासक त्यात आले आणि तासन्‌तास ध्वनिमुद्रण झालं. आपल्या इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीच्या ओव्याही त्यात आहेत. ज्या रस्त्याने पालखी जाते त्याच रस्त्यावरच्या घरातल्या ओव्या. त्यांचं वर्गीकरण झालं, भाषांतरं झाली. 1996 मध्ये या दोघांचं जातं आणि भक्ती यांवरचं पुस्तक इंग्रजीत निघालं; शेतकरी बायांच्या भक्तीपासून स्वामींच्या तत्त्वज्ञानापर्यंत, असा त्याच्या उपशीर्षकाचा पल्ला. मी ते उपशीर्षक कितीदा तरी मनाशी म्हणते. यात बाई आधी येते आणि स्वामी नंतर.

या ओव्यांत काय आहे? सगळं आहे. पंढरी तिथे माहेर आहे. विठ्ठल कधी बाप, कधी भाऊ, कधी नुसताच उशिरा घरी येणारा सखा. रुक्मिणी तिथे रुसते आणि तिची बाजू घेतली जाते. पावसाची वाट आहे, लेकीची पाठवणी आहे, भावाची बैलगाडी आहे, कुंकू पुसल्यावरचा अंधार आहे. बाबासाहेबांच्या ओव्या आहेत, अभिमानाने ताठ झालेल्या. आणि सीता आहे. तिथली सीता पोथीतल्यासारखी गप्प राहत नाही. तिचा वनवास या बायांना आतून ठाऊक आहे. रानात एकटी बाळंत होणारी सीता त्यांच्यापैकीच एकीची लेक आहे, आणि तिच्या सासरच्यांना त्या पहाटेच्या अंधारात खडे सवाल विचारतात.

इथे मला मोरोपंत आठवतात. 1729 ते 1794 हा त्यांचा काळ, आणि आयुष्याचा मोठा भाग गेला तो बारामतीत, कऱ्हेच्या काठी, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला. केवढी त्यांची विद्या, केवढी शब्दांवरची हुकमत! त्यांनी एकशे आठ रामायणं रचली. अक्षरांच्या कसरती, वृत्तांच्या कसरती, आणि त्या सगळ्यांच्या तळाशी एक खरा, कळवळून हाक मारणारा भक्त. मी कधी कऱ्हेकाठी उभी राहते तेव्हा डोळ्यांपुढे येतो तो वाडा, समईच्या उजेडात आर्या लिहिणारे पंत, आणि रात्र सरत आलेली. लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला असेल. वाड्याच्या मागच्या अंगाने, परसदाराकडून घरघर सुरू झाली असेल, आणि तिच्यावर एक बाईचा गळा. तिथेही राम वनात चालला असेल, तिथेही सीता रडत असेल. आपल्या भिंतीपलीकडे एकशे नववं रामायण रचलं जात आहे हे पंतांना जाणवलं असेल का? त्याला कागद नव्हता, कर्ता नव्हता, समाप्ती नव्हती. उजाडलं की ते थांबे आणि दुसऱ्या पहाटे दाण्यांच्या दुसऱ्या मुठीबरोबर पुढे चाले.

हे रामायण वाचायला माणूस आला तो पार फ्रान्सहून. याचं मला वाईट वाटत नाही. काही आवाज इतके जवळचे असतात की कान त्यांना आवाज म्हणून ओळखतच नाहीत. दूरवरून आलेल्याच्या कानाला ते वेगळे कळतात. पण दूरवरून आलेले पुष्कळ असतात. पॉइतवाँ यांचं मोठेपण असं की बायांचं गाणं ऐकून ते भारावले आणि तिथेच थांबले नाहीत. त्यांनी त्या गाण्याला विचाराचा मान दिला. त्यात मत आहे, वाद आहे, जगाविषयीची एक भूमिका आहे, हे ते धरून चालले. गावातल्या बाईच्या जिण्यातली वेदना या दोघांनी 1985 मध्येच एका फ्रेंच पुस्तकात मांडली होती. त्यामुळे जात्याच्या लयीची मोहिनी त्यांना पडली असली तरी त्या लयीखाली वाकलेली पाठ त्यांच्या नजरेआड झाली नाही.

ती माझ्याही नजरेआड होऊ नये. आमच्या गावात पिठाची गिरणी आली तेव्हा आजीला आनंद झाला होता. पट्ट्याची फटफट सुरू झाली, डब्यांची रांग लागली, आणि वीसेक वर्षं मोडलेली तिची झोप तिला परत मिळाली. जातं गेलं याचं दुःख करायचा हक्क तिच्या मांडीवर झोपणाऱ्या नातीला नाही. दुःख करायचंच तर ते वेगळ्या गोष्टीचं. दगडाबरोबर तिची सांगायची जागाही गेली. दिवसा तर ती बोलत नव्हतीच. आता पहाटही गप्प झाली.

भीमेवर उजनीचं धरण झालं आणि इंदापूर तालुक्याच्या उत्तरेकडची गावं पाण्याखाली गेली. आता तिथे भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात; पहाटेच्या धुक्यात ती पाणथळ गुलाबी होते आणि माणसं दुरून बघायला येतात. पण कडक उन्हाळ्यात, पाणी फार मागे हटतं त्या वर्षी, पळसदेवचं जुनं मंदिर पाण्यातून वर येतं. आधी शिखर, मग खांब, मग ओलसर काळा गाभारा. गाळाचा वास येत असतो, शंखशिंपले दगडांना चिकटलेले असतात, आणि म्हातारी माणसं चिखल तुडवत जाऊन बोटाने दाखवतात, इथं वाट होती, इथं पार होता, इथं आमचं घर. बाकी ओसाड चिखलात ती वाट त्यांनाच दिसते. बुडालेलं गाव नाहीसं होत नसतं, ते पाणी उतरायची वाट बघत असतं. ओव्यांचंही तसंच असावं. म्हाताऱ्या बायांना विचारलं तर त्या आधी म्हणतात, आता काय आठवतंय बाई. मग हात नकळत गोल फिरायला लागतो. आधी एक ओळ वर येते, मग दुसरी, आणि मग गळ्यातलं सगळं गाव.

नीरा ओलांडली की पलीकडे फलटण. तिथे बेबीताई कांबळे आपल्या छोट्या दुकानात बसून, चोरून, कागदाच्या कपट्यांवर आपलं आणि आपल्या समाजाचं जगणं लिहीत होत्या. ते लिखाण त्यांनी घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. त्यांचं ‘जिणं आमुचं’ इंग्रजीत जाण्याच्या कितीतरी आधी फ्रेंचमध्ये गेलं, आणि ते नेलं पॉइतवाँ यांनीच. दया पवारांचं ‘बलुतं’ही त्यांनीच फ्रेंचमध्ये नेलं. पूर्व आणि पश्चिम यांना जोडणारा म्हणून ज्याला ओळखायचं त्या माणसाने काय काय वाहून नेलं ते एकदा पाहावं. उपनिषदं नेणारे पुष्कळ होते. याने महारवाड्यातली भूक नेली, दळणारणीचा सवाल नेला, सीतेचं गाऱ्हाणं नेलं. आमचं तत्त्वज्ञान काय, असं पॅरिसने विचारलं असतं, तर त्याचं उत्तर हे होतं. जातं घरोघर एकच होतं, दगड एकच होता, पाणवठे मात्र वेगळे होते. हे लपवून कुठलाही पूल बांधता येत नाही, हे त्याला नीट समजलं होतं.

2004 मध्ये पॉइतवाँ गेले. पुढे हेमाताईही गेल्या. पण तो साठा राहिला, आणि 2017 च्या महिला दिनापासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ओव्या एकेक करून लोकांसमोर येऊ लागल्या. आवाजासकट, गाणारणींच्या नावासकट. नाव नसलेल्या गाण्याला नाव मिळालं. एका रात्री मी त्या ओव्या ऐकत बसले होते. पाऊस नव्हता, नुसती गार हवा होती. अनोळखी गावातली एक बाई गात होती आणि मध्येच एक ओवी आली ती माझ्या आजीची. तीच वळणं, तोच हुंदका घेऊन सोडलेला श्वास, फक्त भावाचं नाव वेगळं. आजीने तिच्या भावाचं घातलं होतं, हिने हिच्या.

मी किती वेळ तशीच बसून होते.

आजीचं सगळ्यांत खासगी दुःख मी तिच्या मांडीतून ऐकलं होतं, आणि ते साऱ्या महाराष्ट्राचं होतं. तिने ते रचलं नव्हतं, तिने ते घेतलं होतं, त्यात आपलं माणूस बसवलं होतं आणि पुढे दिलं होतं. कुणाची ती ओवी? त्या बाईची, आजीची, की तिच्याआधीच्या अनाम शेकडो जणींची? ‘मी’ कुठे संपतो आणि दुसरी कुठे सुरू होते, हा प्रश्न वेदान्ती विचारतात, पॅरिसचे तत्त्वज्ञही विचारतात. या बायांनी तो विचारला नाही. त्यांनी तो जगण्यातूनच सोडवला. आपलं दुःख दुसरीच्या शब्दांत मांडता येतं आणि तरी ते तंतोतंत आपलंच राहतं, हे एकदा कळलं की माणूस एकटा पडत नाही. मोक्ष याहून फार वेगळा असेल असं मला वाटत नाही.

आणि म्हणून मला पूल या गोष्टीविषयी आता एवढंच म्हणायचं आहे. पूर्वेचा ग्रंथ आणि पश्चिमेचा ग्रंथ शेजारी ठेवल्याने पूल होत नाही. एका माणसाचं बोलणं दुसऱ्याने विचार म्हणून ऐकलं की पूल होतो. पॉइतवाँ यांनी ते केलं, परक्या भाषेत, परक्या मातीत, बायांच्या पायाशी बसून, सारं आयुष्य लावून. आपल्याला तर समुद्रही ओलांडायचा नाही. लासुर्ण्यात, सणसरला, काटीत, बावड्याला, सुप्याच्या जिराईत वाड्यांत ऐंशीच्या घरातल्या बाया अजून आहेत, ज्यांच्या हाताला खुंट्याचे घट्टे होते आणि ज्यांच्या गळ्यात ते एकशे नववं रामायण आहे. येत्या आषाढात पालखी पुढे गेली की तिच्या मागे धावण्याआधी या बायांपाशी बसावं. त्यांना गायला सांगावं, आणि त्या काय म्हणतात ते उतरून घ्यावं. नावासकट, गावासकट, तारखेसकट. बारामतीच्या कवींविषयी आपण मुलांना सांगतो तेव्हा मोरोपंतांशी थांबतो. तिथे थांबू नये. पंतांच्या नावाखालची पुढची ओळ या बायांची आहे, आणि ती आपल्याच हाताने भरायची आहे.